कोसळलेल्या शहरातला खेळ

माहूरच्या डोंगरपायथ्याला विखुरलेल्या आमच्या मोजक्या कुटुंबांपैकी एका मातेने गेल्या दिवाळीत आम्हांला वाटेत थांबवून एक तक्रार केली. तिचा मुलगा नांदेडला अभियांत्रिकी शिकतो. सुटीत घरी आला होता आणि दिवसभर लॅपटॉपवर भूकंपाचा खेळ खेळत होता. "फादर, माणसं मेलेल्या गावातनं फिरायचा कसला खेळ हा? तुम्हीच सांगा त्याला." ही माउली माहेरची औसा तालुक्यातली. तिच्या तोंडून 'भूकंप' हा शब्द येतो, तेव्हा तो वर्तमानपत्रातला शब्द नसतो. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोलीकडे केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, त्या दिवशी ती नांदेडला नातलगांकडे होती. घरातले सारे चहा संपवून आत गेले. ही मात्र संध्याकाळपर्यंत अंगणातच बसून राहिली, असे तिच्या मुलानेच आम्हांला सांगितले.

मुलाला काही सांगण्यापूर्वी तो खेळ आपण पाहिला पाहिजे, असे आम्ही ठरविले. न वाचलेल्या पुस्तकावर बंदी घालण्याची सवय आम्हां धर्मगुरूंना पूर्वी होती, असे लोक म्हणतात, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. त्यामुळे पाच संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या शेजारी बसलो. मधूनमधून वीज जाई, खेळ थांबे, आणि आमचे बोलणे सुरू होई. त्या पाहण्यातून आणि बोलण्यातून जे हाती लागले, ते येथे मांडीत आहो.

कथा-कविता-नाटकांची समीक्षा ज्या पानांवर येते, तेथे पोरांच्या खेळाला जागा कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो आमच्याही मनात आला होता. परंतु पोलंडसारख्या देशाने २०२० मध्ये 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा एक खेळ शाळांच्या शिफारशीच्या वाचनयादीत घातला, हे आम्हांला ठाऊक होते. साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेल्या त्या खेळात खेळणारा सैनिक नसतो. वेढलेल्या शहरात अन्न, औषध आणि ऊब शोधणारी साधी माणसे आहेत. ज्या गोष्टीत माणसाला निवड करावी लागते आणि निवडीचे ओझे वाहावे लागते, ती साहित्याच्या उंबऱ्याशी आलेलीच असते. ती आत घ्यायची की नाही, हे ती पाहून ठरवावे.

आमच्यासमोरचा खेळ जपानी होता. मूळ मालिकेचे जपानी नाव 'झेत्ताई झेत्सुमेई तोशी'. त्याचा भावार्थ 'जिवावर बेतलेले शहर' असा सांगता येईल. इंग्रजीत ती 'डिझास्टर रिपोर्ट' म्हणून ओळखली जाते. पहिला भाग आयरेम या कंपनीने २००२ मध्ये काढला. कोबेच्या १९९५ मधील भूकंपाला तेव्हा सातच वर्षे झाली होती. समुद्रात भराव घालून उभारलेल्या एका कृत्रिम बेटावरील शहर भूकंपाने खचू लागते, आणि तेथे नुकताच नोकरीवर रुजू होण्यासाठी आलेला एक वार्ताहर त्यातून सुटण्याची धडपड करतो, अशी त्याची कथा. हातात बंदूक नाही, तलवार नाही. तहान भागविण्यासाठी पाणी शोधायचे आणि कोसळणाऱ्या भिंतींमधून वाट काढायची. दुसऱ्या भागात भूकंपाच्या जागी महापूर आणि थंडी आली. चौथा भाग २०११ च्या वसंतात यायचा होता. ११ मार्चला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप झाला, त्सुनामी आली, हजारो माणसे गेली. तीनच दिवसांनी, १४ मार्चला, कंपनीने तो भाग रद्द केल्याचे जाहीर केले.

खेळ विकणाऱ्यांनी विक्रीपेक्षा मौन पसंत केले, याचा आम्हांस आदर वाटतो. पण पुढची गोष्ट आम्हांला अधिक विचार करायला लावते. या मालिकेचे निर्माते काझुमा कुजो यांनी आयरेम सोडून 'ग्रँझेला' ही स्वतःची संस्था काढली, खेळाचे हक्क मिळविले आणि रद्द झालेला तो भाग २०१८ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी आवृत्ती 'डिझास्टर रिपोर्ट ४ : समर मेमरीज' या नावाने एप्रिल २०२० मध्ये आली, नेमकी ज्या दिवसांत सारे जग दारे लावून बसले होते. सात वर्षे थांबून तोच विषय पुन्हा हाती घेणे याचा अर्थ काय? दुःखाचा बाजार मांडायचा असता, तर तो लगेच मांडला गेला असता. काही दुःखे सांगायला वेळ लागतो, एवढे यावरून दिसते.

प्रत्यक्ष खेळाविषयी आमचे पहिले मत प्रतिकूल होते आणि ते बदलले, हे प्रामाणिकपणे नोंदवितो. हिसुई नावाच्या कल्पित शहरात बसमधून जात असताना भूकंप होतो आणि कथा सुरू होते. आम्हांला वाटले होते की आता धावपळ, स्फोट आणि आरडाओरडा दिसेल. तो आहेही, परंतु बराचसा वेळ जातो तो रांगेत उभे राहण्यात, अनोळखी माणसाचे रडगाणे ऐकण्यात, कोणाची हरवलेली व्यक्ती शोधण्यात, भूक, तहान आणि शौचाला जागा शोधण्यात. शौचाची अडचण कथेत आणणारा लेखक आम्ही क्वचितच पाहिला आहे, आणि आपत्तीत स्त्रियांचे सर्वांत मोठे हाल त्यातच होतात, हे मदतकार्य केलेल्या कोणालाही विचारावे. तांत्रिक बाजू सुमार आहे. चित्र अडखळते, पात्रे लाकडी बाहुल्यांसारखी चालतात. पण त्या अडखळण्यातही एक खरेपणा येऊन जातो; आपत्तीनंतरचा वेळ असाच लंगडत पुढे सरकतो.

एका प्रसंगात खेळणाऱ्यालाच दुकानाच्या गल्ल्यावर उभे राहावे लागते. समोर घाबरलेली गर्दी, हातात पाण्याची बाटली. ती ठरल्या किमतीला द्यायची की अनेक पटींनी, हे त्याने ठरवायचे. मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही गप्प राहिलो. त्याने मूळ किमतीला विकली आणि मग हळूच म्हणाला, "पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी जास्त घेतले होते, फादर." आम्ही अनेक वर्षे पापनिवेदन ऐकत आलो आहो, इतक्या सहज आलेली कबुली विरळाच.

याहून विलक्षण बाब अशी की, हा खेळ केवळ कृती विचारत नाही, हेतूही विचारतो. तुम्ही एखाद्याला मदत केलीत. आता मनात काय होते? कर्तव्य, बक्षिसाची आशा की निव्वळ कुतूहल? यातले एक उत्तर निवडावे लागते. झोपण्यापूर्वी विवेकाची तपासणी करण्याची जी सवय सेमिनरीत आम्हांला लावण्यात आली, तिचे हे एक परके, लौकिक रूप पाहून आम्ही चकित झालो. लगेच निराशही झालो, कारण उत्तर देताच पडद्यावर गुण पडतात. चांगुलपणाचे गुण, वाईटपणाचे गुण. त्या गुणांचा कथेवर फारसा परिणाम होत नाही. ते नुसते साठत जातात. डाव्या हाताला कळू न देता उजव्याने द्यावे, असे मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू सांगतो. येथे डाव्या हाताला तर कळतेच, शिवाय तो हिशेबही लिहून ठेवतो. भरीस भर म्हणजे ढिगाऱ्यांमधून होकायंत्रे आणि तऱ्हेतऱ्हेचे पोशाख गोळा करण्याचा छंद या खेळाने लावला आहे. कोसळलेल्या शहरात विचित्र वेष घालून फिरता येते! खेळाला आपल्याच गांभीर्याची भीती वाटू लागली की तो असा विदूषकी टोपी चढवतो. हा त्याचा उघड दोष. पण तो वरवरचा आहे. खोलवरचा दोष आम्हांला चौथ्या संध्याकाळी कळला, आणि तो कळायला किल्लारीची आठवण कारणीभूत झाली.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपी गेलेली. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटे असताना लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हलली. तीव्रता ६.२ च्या आसपास. जगाच्या मानाने हा मध्यम भूकंप. तरीही सुमारे दहा हजार माणसे गेली. मारले ते घरांनी. दगड आणि माती रचून उभारलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंफणारे आडवे दगड नाहीत, वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्यावर दर वर्षी आणखी माती पडत गेलेली. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छत त्या पहाटे अंगावर आले. अनेक ठिकाणी लाकडी खांब तसेच उभे राहिले आणि भिंती मात्र फुटून आत-बाहेर ढासळल्या. १९९२ च्या ऑक्टोबरमध्येही किल्लारीला धक्के बसले होते, जमिनीतून आवाज येत होते. लोक काही दिवस बाहेर झोपले आणि मग, कोणीही झोपेल तसे, परत घरात झोपू लागले.

खेळातला भूकंप दिवसा होतो. पुन्हा धक्का आला की कळ दाबून खाली वाकायचे आणि तोल सावरायचा. चिरेबंद, काँक्रीटच्या शहरात ही शिकवण योग्यच आहे, आणि खेळ जाता जाता अशा सूचनाही देतो. पण माळवदाच्या घरात पहाटे झोपलेल्या माणसाला वाकायला वेळ कोठला? हे आम्ही मुलाला सांगितले, तेव्हा स्वयंपाकघरातून त्याची आई बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली. ती बोलली काहीच नाही. पण त्यानंतर ती रोज बसू लागली.

आता आमच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. १९९३ मध्ये आम्ही सेमिनरीत शिकत होतो, वय तेवीस. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्हां काही विद्यार्थ्यांना मदतीला जाण्याची परवानगी मिळाली. सास्तूरच्या बाजूच्या एका गावात आम्ही पोहोचलो, तेव्हा पाऊस लागलेला होता. जवान ढिगारे उपशीत होते. रस्त्यावर मदतीच्या गाड्यांपेक्षा बघ्यांच्या गाड्या अधिक. दूरच्या शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात भिजत पडले होते. ज्यांचे सर्वस्व गेले, त्यांनीसुद्धा ते उचलले नव्हते. आमच्या हातात फावडे येईल असे वाटले होते, आली वही. तलाठ्याच्या शेजारी बसून मृतांची नावे लिहायची. नाव, वय, नाते. एका म्हाताऱ्याने सात नावे सांगितली, आम्ही ती लिहिली. मग तो म्हणाला, "दोन बैलं होती, त्यांचीबी लिवा." आम्ही तलाठ्याकडे पाहिले. तलाठ्याने मान वळविली. आम्ही समासात दोन्ही बैलांची नावे लिहिली, आणि ती कोणी खोडली नाहीत.

हिसुई शहरात ढिगाऱ्याखाली गेलेल्या बहुतेकांना नाव नाही. तो मुलगा पाच संध्याकाळी किती मृतांजवळून गेला, कोणास ठाऊक! त्यांच्यासाठी कोणी वही उघडत नाही. जिवंत माणसांशी हा खेळ सभ्यतेने वागतो, मेलेल्यांना मात्र तो पार्श्वभूमी समजतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाल्याचा उल्लेख येतो. ते इतरांहून अधिक पापी होते का, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. किल्लारीनंतरही देवाच्या कोपाची भाषा बोलणारे कमी नव्हते. आमच्यापैकीही काहींनी ती बोलली, हे लाजेने सांगतो. प्रभूने ती भाषा नाकारली, पण अठरा हा आकडा मात्र त्याने विसरू दिला नाही. कोणी तरी मोजले होते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनची मंदिरे भाविकांवर कोसळली, तेव्हा व्हॉल्तेअरने त्यावर कविता लिहून देवाच्या भल्या योजनेविषयी जाब विचारला. त्याच्याशी आमचे पटत नाही. पण त्याने मृतांना पार्श्वभूमी मानले नाही, हे मान्य केले पाहिजे.

तरीही खोलवरचा दोष म्हटला तो हा नव्हे. मालिकेच्या पहिल्या भागात ध्येय एकच असते, बेटावरून सुटणे. चौथ्या भागातही कथेचा सारा ओढा शहराबाहेर पडण्याकडे आहे. नंतर काय झाले हे सांगणारे उत्तरकथेचे भाग आहेत, परंतु ते पुरवणीसारखे वेगळे जोडलेले. म्हणजे ज्याला खरी आपत्ती म्हणावे, ती येथे पुरवणी ठरते! मराठवाड्यात ती मूळ ग्रंथ होती. बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्याने वसविली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेले हे काम काही वर्षे पुरले. जमीन किती यावरून घर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. घरे भूकंपाला टिकतील अशी झाली, ही मोठी गोष्ट आहे आणि तिच्या श्रेयाला उणेपणा आणण्याची आमची इच्छा नाही. परंतु ओळीत उभ्या केलेल्या त्या वसाहतींत जुनी वाकडी गल्ली नव्हती, वाड्याची ढाळज नव्हती, शेजार नव्हता. अनाथ झालेल्या सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेऊन शिकविले. ती मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. कित्येक वर्षे लोक नव्या पक्क्या घरात सामान ठेवून स्वतः बाहेर पत्र्याखाली झोपत. दगडाची भिंत पाहिली की त्यांना झोप लागत नसे. यातला एकही प्रसंग खेळणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. तो शहराबाहेर पडलेला असतो.

हे मुलाला समजावून सांगत असताना आमचा आवाज चढला असावा, कारण त्याने शांतपणे विचारले, "फादर, तुम्ही किती दिवस होता तिथं?"

अकरा दिवस. बाराव्या दिवशी आम्ही परतलो. परीक्षा होत्या. निघताना त्या सात नावांच्या म्हाताऱ्याला आम्ही सांगितले होते, नाताळात येतो. नाताळ गेला, पुढचाही गेला. दीक्षेची तयारी, मग पहिली नेमणूक, मग दुसरी. कारणे सारी खरी होती. १९९८ मध्ये एकदा त्या बाजूला जाणे झाले तेव्हा गाव जुन्या जागेवर नव्हते. नव्या गावात ओळीमागून ओळी, घरांना आकडे, आणि आम्हांला त्याचे आडनाव आठवत नव्हते. आम्ही ते स्वतःच्या हाताने लिहिले होते. त्या चांगल्या शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तावर आम्ही इतक्या वर्षांत किती प्रवचने दिली असतील! जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसविले, हे आम्ही रंगवून सांगतो. उताऱ्याच्या मालकाला त्याने दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन म्हणून सांगितले, हे शेवटचे वाक्य आम्ही घाईत वाचतो. आम्ही त्या खेळावर जो दोष ठेवला, त्या दोषाचे नाव आम्हांला कोठून ठाऊक झाले, हे मुलाच्या एका प्रश्नाने उघड केले.

माउलीने पुन्हा विचारले, खेळू द्यायचा का? आम्ही म्हटले, खेळू द्या, आणि तुम्ही शेजारी बसत जा. तो खेळ जितका खरा आहे तितका तुम्हांला आवडेल, आणि जेथे खोटा पडतो तेथे तुम्हीच त्याला सांगू शकाल, आम्ही नाही. तिने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. पण पाचव्या संध्याकाळी, खेळातली पात्रे कोणत्याशा निवाऱ्यात गोळा झाली असताना, तिने पहिल्यांदा आपणहून सांगितले की धक्का बसला तेव्हा ती आजोळी होती, म्हणून वाचली, आणि तिच्या वर्गातल्या एकोणीस मुली होत्या. नावे ती सांगू लागली. मुलाने लॅपटॉप बाजूला सारला, आणि अभियांत्रिकीच्या वहीचे कोरे पान उघडले.

येत्या ३० सप्टेंबरला ती दोघे किल्लारीच्या जुन्या जागेवर जाणार आहेत. आम्हीही बरोबर जाण्याचे ठरविले आहे. माहूरहून नांदेड, तेथून लातूर, मग औसा. सकाळच्या श्रद्धांजलीला हजर राहायचे तर आदल्या दिवशीच निघावे लागेल.